सामायिक एक्स्टर्नल हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा का भरते आणि बॅकअप गुपचूप का थांबतात

घरात किंवा छोट्या ऑफिसात एक्स्टर्नल हार्ड डिस्क बहुधा एकच असते आणि ती सगळ्यांची असते. एकाच्या विंडोज लॅपटॉपचा बॅकअप तिच्यावर, दुसऱ्याच्या मॅकबुकचं टाइम मशीन, म्हणजे मॅकची स्वतःची बॅकअप सोय, तिच्यावर, शिवाय लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, टॅलीचा डेटा. मग एक दिवस जागा संपल्याचा संदेश येतो. कोणीतरी चार फोल्डर उडवतं, काम पुढे सरकतं आणि काही आठवड्यांत तोच संदेश परत येतो. मधल्या काळात कोणाचा तरी बॅकअप बंद पडलेला असतो. ते कळतं तेव्हा लॅपटॉप पाण्यात पडलेला असतो किंवा चोरीला गेलेला असतो.

ही तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते. चूक मांडणीत असते, आणि मांडणी बदलल्याशिवाय कितीही फाइली उडवल्या तरी त्रास थांबत नाही. म्हणून आधी कारण नीट समजून घेऊ, मग दुरुस्तीकडे जाऊ.

जागा खातं कोण

टाइम मशीन २००७ साली मॅकच्या लेपर्ड आवृत्तीबरोबर आलं. त्याचा नियम तेव्हापासून तोच आहे: गेल्या २४ तासांतले दर तासाचे बॅकअप ठेवायचे, गेल्या महिन्यातले रोजचे, त्याआधीचे आठवड्याचे. आणि जागा संपली की सर्वांत जुने काढून टाकायचे. म्हणजे दिलेली जागा पूर्ण भरणं हे टाइम मशीनचं ठरलेलं काम आहे. ५०० जीबी द्या, ५०० भरेल. २ टीबी द्या, तेही भरेल, फक्त वेळ लागेल.

विंडोजची फाइल हिस्टरी २०१२ साली विंडोज ८ मध्ये आली. तीही दर तासाला बदललेल्या फाइलींच्या नव्या प्रती ठेवते आणि तिची मूळ सेटिंग 'फॉरेव्हर' अशी असते, म्हणजे जुनं काहीच काढायचं नाही. त्यात ती फाइलचा बदललेला तुकडा न घेता दर वेळी अख्खी फाइल घेते. कोणाच्या डॉक्युमेंट्समध्ये आउटलुकची ८ जीबीची मेल फाइल असेल आणि ती रोज थोडी थोडी बदलत असेल, तर ती एकटीच महिन्याभरात २०० जीबीच्या पुढे जाईल.

आता या दोघांना एकाच डिस्कवर नीट वाटणी न करता सोडलं आणि त्यात घरच्यांनी फोटो टाकायला सुरुवात केली, तर काय होणार? टाइम मशीन स्वतःचे जुने बॅकअप काढू शकतं, तुमचे सिनेमे नाही. फाइल हिस्टरीला टाइम मशीनच्या जागेला हात लावता येत नाही. दोन शेतांमध्ये बांधच घातला नाही तर दर पावसाळ्यात भांडण ठरलेलं, तसंच हे आहे. कोणाची तरी जागा संपते आणि त्याचा बॅकअप अडतो.

याशिवाय एक लपलेला खादाड आहे आणि तो सर्वांत जास्त लोकांना चकवतो. मॅकवर बसून एक्स्टर्नल डिस्कवरची फाइल डिलीट केली की ती त्याच डिस्कवरच्या एका लपलेल्या ट्रॅश फोल्डरमध्ये जाते. जागा मोकळी होतच नाही. नंतर तीच डिस्क विंडोजला लावली तर फाइली दिसत नाहीत आणि जागा मात्र भरलेली दिसते. उलट बाजूनेही तसंच होतं, विंडोजचा रिसायकल बिन हार्ड डिस्कवर स्वतःचा लपलेला फोल्डर ठेवतो. "एवढं डिलीट केलं तरी जागा तेवढीच" अशी तक्रार असेल तर पहिला उपाय हाच: ज्या कॉम्प्युटरवरून डिलीट केलं त्याच कॉम्प्युटरला डिस्क जोडा आणि जोडलेली असतानाच ट्रॅश किंवा रिसायकल बिन रिकामा करा. काही वेळा इथेच शेकडो जीबी परत मिळतात.

मात्र टाइम मशीनच्या बॅकअपचा फोल्डर उचलून ट्रॅशमध्ये टाकू नका. जुन्या पद्धतीच्या बॅकअपमध्ये लाखो फाइली एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे ट्रॅश रिकामा होताना तासन्‌तास अडकून बसतो. फाइल हिस्टरीची साफसफाईही एक्सप्लोररमधून हाताने करायची नसते. कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'क्लीन अप व्हर्जन्स' आहे, तिथे एक वर्षापेक्षा जुन्या प्रती काढायला सांगा. त्याच पानावर 'फॉरेव्हर' बदलून 'अन्टिल स्पेस इज नीडेड' निवडा. हा एक बदल केला तरी विंडोजच्या बाजूची निम्मी कटकट मिटते.

व्हॉल्यूम केला म्हणजे पार्टिशन झालं असं नाही

आता गोष्ट जरा तांत्रिक होते, पण डिस्क पुन्हा पुन्हा भरण्याचं मूळ इथेच आहे, म्हणून सावकाश वाचा.

अ‍ॅपलने २०१७ पासून एपीएफएस ही नवी फाइल व्यवस्था आणली आणि मॅकच्या बिग सर आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, टाइम मशीन नव्या डिस्कवर हीच वापरतं. एपीएफएसमध्ये एक कंटेनर असतो आणि त्याच्या आत अनेक व्हॉल्यूम असू शकतात. डिस्क युटिलिटीत, म्हणजे मॅकच्या डिस्क सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये, नवा भाग करायला गेलात की ती स्वतःच सुचवते की पार्टिशनऐवजी (म्हणजे ठरावीक आकाराच्या वेगळ्या भागाऐवजी) व्हॉल्यूम जोडा. तुम्ही 'अ‍ॅड व्हॉल्यूम' दाबता, 'बॅकअप' आणि 'फोटो' असे दोन भाग दिसू लागतात आणि वाटतं, झाली वाटणी.

वाटणी झालेली नसते. त्या दोन व्हॉल्यूमची मोकळी जागा एकच असते. दोन्हींवर '१.४ टीबी शिल्लक' दिसतं, कारण ती तीच १.४ टीबी आहे. टाइम मशीन आपल्या स्वभावाप्रमाणे वाढत जातं आणि एके दिवशी 'फोटो'मध्ये टाकायला जागाच उरत नाही.

याला दोन उपाय आहेत. व्हॉल्यूम करतानाच 'साइज ऑप्शन्स' असं बटण असतं. त्यात 'कोटा' भरला तर तो व्हॉल्यूम त्याच्या पुढे कधीच जाणार नाही, आणि 'रिझर्व्ह' भरला तर तेवढी जागा त्याच्यासाठी राखून ठेवली जाते. ज्या घरात सगळेच मॅकवाले आहेत त्यांना पार्टिशनची गरजच नाही. प्रत्येक मॅकसाठी एक व्हॉल्यूम, प्रत्येकाला कोटा, काम झालं. हे आकडे मात्र व्हॉल्यूम तयार करतानाच भरा, पुढे बघू म्हणून सोडू नका.

डिस्क विंडोजलाही वापरायची असेल तर एपीएफएसचे व्हॉल्यूम कामाचे नाहीत, कारण विंडोजला ते वाचताच येत नाहीत. तिथे खरी पार्टिशनच हवीत.

कोणत्या भागाला कोणता फॉरमॅट

एनटीएफएस विंडोजचा. मॅक तो वाचतो, पण त्यावर लिहू शकत नाही. "माझ्या मॅकवरून डिस्कवर काहीच कॉपी होत नाही" या तक्रारीचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं. एपीएफएस मॅकचा, विंडोजसाठी तो अदृश्य. एक्सफॅट दोघांना लिहिता-वाचता येतो, पण त्यावर टाइम मशीन थेट बॅकअप घेत नाही. आणि त्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसतं, म्हणजे लिहिणं चालू असताना केबल निघाली तर फाइलींची यादी बिघडण्याची शक्यता जास्त. एफएटी३२ आता विसरा, त्यात ४ जीबीची एक फाइलसुद्धा बसत नाही.

मॅकवर एनटीएफएस लिहिता यावं म्हणून वेगळी सॉफ्टवेअर मिळतात आणि लोक ती हौसेने घालतात. बॅकअपच्या डिस्कसाठी माझं मत स्पष्ट आहे, घालू नका. मॅकला विंडोजच्या बॅकअपवर लिहिता येत नाही, हे आपल्या फायद्याचं आहे. चुकून कोणी काही उडवू शकत नाही. देवाणघेवाणीसाठी एक्सफॅटचा वेगळा भाग असताना ती पळवाट लागतच नाही.

२ टीबी डिस्कची मांडणी

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. २५६ जीबीचं मॅकबुक, ५१२ जीबीचा विंडोज लॅपटॉप, ज्यात प्रत्यक्ष डेटा २०० जीबीच्या आसपास आहे, आणि घरचे फोटो-व्हिडिओ. अ‍ॅपल सांगतं की टाइम मशीनची जागा मॅकच्या स्टोरेजच्या किमान दुप्पट हवी. म्हणून मॅकला ६०० जीबी, विंडोजला ६००, उरलेली सुमारे ८०० जीबी सामायिक.

आकडे बघून गोंधळू नका. मॅक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतो. त्यामुळे २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते आणि मॅकवर केलेला ६०० जीबीचा भाग तिथे ५५८ जीबी दिसतो. दुकानदाराने फसवलेलं नसतं आणि जागा हरवलेलीही नसते.

क्रम महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट एखादा भाग वाढवू शकतं ते फक्त त्याच्या लगेच उजवीकडे रिकामी जागा असेल तरच. डावीकडे कितीही मोकळी जागा असो, 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' राखाडीच राहतं. म्हणून पहिला एपीएफएस, मधे एनटीएफएस आणि शेवटी सामायिक एक्सफॅट. सामायिक भागातल्या फाइली साध्या असतात, त्या दुसरीकडे कॉपी करून परत आणता येतात. तो भाग काढला की डावीकडच्या एनटीएफएसला वाढायला वाट मिळते. एपीएफएसवरचे टाइम मशीन बॅकअप मात्र फाइंडरमधून उचलून दुसऱ्या डिस्कवर नेता येत नाहीत, म्हणून त्याची जागा पहिल्याच दिवशी सढळ हाताने द्या. आणखी एक: एक्सफॅटचा भाग विंडोजला लहान करता येत नाही, एनटीएफएसचा करता येतो, पण तोही मधे न हलणाऱ्या फाइली असल्या तर तुम्हाला हवा तेवढा होत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. डिस्कवर जे काही आहे ते सगळं पुसलं जाणार आहे, हे मनाशी पक्कं करा. मॅकवर डिस्क युटिलिटी उघडा. आधी व्ह्यू मेनूतून 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडा, नाहीतर डाव्या यादीत अख्खी डिस्क दिसतच नाही, फक्त तिच्यातला भाग दिसतो, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. सर्वांत वरची ओळ, ज्यावर कंपनीचं नाव असतं, ती निवडून 'इरेझ' करा. फॉरमॅट एपीएफएस आणि स्कीम 'जीयूआयडी पार्टिशन मॅप'. स्कीममध्ये मास्टर बूट रेकॉर्ड निवडू नका. त्या जुन्या पद्धतीत चारच मुख्य पार्टिशन होतात आणि नेहमीच्या डिस्कवर २ टीबीच्या वरची जागा वापरता येत नाही. उद्या ४ टीबीची डिस्क आणलीत तर निम्मी वाया जाईल.

मग 'पार्टिशन' दाबा. व्हॉल्यूम जोडायचा का असं विचारलं तर इथे नाही म्हणा, पार्टिशनच हवंय. पहिला भाग ६०० जीबी एपीएफएस, पुढचे दोन तूर्त एक्सफॅट. डिस्क युटिलिटीला एनटीएफएस बनवता येत नाही, म्हणून डिस्क आता विंडोजला जोडा. विंडोज बटणावर राइट क्लिक केलं की यादीत डिस्क मॅनेजमेंट सापडेल. मधला भाग एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. शेवटचा एक्सफॅटही मी विंडोजमध्येच पुन्हा फॉरमॅट करून घेतो, त्यामुळे पुढे दोन्हीकडे विनातक्रार चालतो. सुरुवातीला २०० एमबीचा एक ईएफआय नावाचा छोटा भाग दिसेल. तो मॅकने केलेला असतो, त्याला हात लावू नका.

फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी दर वेळी भागाचा आकार वाचा. बाकीचे पेन ड्राइव्ह आणि डिस्क काढून ठेवा. चुकीची डिस्क पुसली जाण्याचे प्रकार घाईतच होतात.

नावं अशी द्या की घरातल्या कोणालाही कळावीत. 'न्यू व्हॉल्यूम' हे नाव नव्हे. एक्सफॅटच्या नावाला ११ अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'घरचे फोटो' बसतं. विंडोजच्या भागाला डिस्क मॅनेजमेंटमधूनच एक ठरावीक ड्राइव्ह अक्षर द्या, वर्णमालेच्या शेवटाकडचं. नाहीतर आधी पेन ड्राइव्ह जोडला की त्याला ते अक्षर मिळतं, डिस्कला दुसरं मिळतं आणि बॅकअप म्हणतो, ड्राइव्ह सापडत नाही.

डिस्क आधीच भरलेली आणि सरमिसळ झालेली असेल तर

तर दुसरी डिस्क लागेलच. उसनी आणा, विकत आणा, पण आहे त्याच डिस्कवर भाग सरकवायच्या फंदात पडू नका. पार्टिशन डावीकडे सरकवणारी सॉफ्टवेअर आहेत आणि ती चालतातही. पण ती शेकडो जीबी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर लिहीत असतात, कित्येक तास. त्या वेळात वीज गेली तर पुढे काय होईल सांगता येत नाही. ज्या डिस्कवर एकमेव प्रत आहे तिच्यावर हा जुगार नको.

सामायिक फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या. मूळ आणि प्रत, दोन्ही फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि एकूण बाइट ताडून बघा, मधूनमधून पाच-दहा व्हिडिओ उघडून पाहा. जुने बॅकअप वाचवायचेच असतील तर जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवून नवीवर सुरुवात करणं सर्वांत सोपं. दोन्ही कॉम्प्युटर ठणठणीत चालू असतील तर जुने बॅकअप गेले तरी चालतं, नवा पूर्ण बॅकअप होईपर्यंत फक्त जपून राहायचं.

"डिस्क फॉरमॅट करायची का?"

विंडोजला एखादा भाग ओळखता आला नाही की तो कधी कधी हा प्रश्न विचारतो, किंवा डिस्क 'इनिशियलाइझ' करायला सांगतो. उत्तर नेहमी 'कॅन्सल'. मॅकचा भाग असेल तर तो विंडोजला कळणारच नाही, त्यात काही बिघडलेलं नाही. पण घरातलं कोणी तरी सवयीने 'ओके' दाबलं की वर्षभराचा बॅकअप गेला.

मॅकच्या बाजूलाही असाच सापळा आहे. नवी डिस्क जोडली की तो ती टाइम मशीनसाठी वापरायची का असं विचारू शकतो. तिथे एक्सफॅटचा भाग निवडून पुढे गेलात तर तो आधी पुसावा लागेल असं सांगतो, आणि हो म्हटलं की फोटो गेले. म्हणून डिस्कच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा: कोणता भाग कोणाचा, आणि 'फॉरमॅट किंवा इरेझ विचारलं तर कॅन्सल'.

बॅकअप अर्ध्यावर तुटतो

जागा आहे, मांडणी बरोबर आहे, तरी डिस्क मधेच निघून जाते आणि परत जोडल्याचा आवाज येतो. आधी केबल बदला. पातळ पोर्टेबल डिस्कच्या चपट्या, रुंद टोकाच्या केबली लवकर सैल होतात. मग वीज बघा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. डिस्क सुरू होताना आणि सलग लिहिताना जास्त ओढते. त्यामुळे स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नसलेल्या हबवर माउस, कीबोर्ड आणि डिस्क एकत्र लावले तर ती दम तोडते. डिस्क थेट लॅपटॉपला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला.

मोठ्या, स्वतंत्र अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या डिस्कचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क मात्र त्याच क्षणी बंद पडते. बॅकअप लिहिणं चालू असताना हे वारंवार झालं तर फाइल व्यवस्था बिघडते. उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसात जिथे वीज सारखी जाते तिथे अशी डिस्क इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या लाइनवरच ठेवा.

डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक येत असेल तर हे सगळं थांबवा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 'रीअ‍ॅलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचे, आकडे बघा. ते वाढत असतील तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. अशा वेळी लोक आधी विंडोजचं चेकडिस्क किंवा मॅकचं फर्स्ट एड ही दुरुस्तीची साधनं चालवतात. क्रम उलटा हवा. आधी जे निघतंय ते दुसरीकडे काढून घ्या, दुरुस्ती नंतर. दुरुस्तीचा प्रयत्न डिस्कला तासन्‌तास राबवतो आणि तेवढा जीव तिच्यात नसतो.

वेग कमी म्हणून घाबरू नका. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एपीएफएस संथच चालतं, आणि टाइम मशीनच्या पहिल्या बॅकअपला अख्खी रात्र किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पुढचे बॅकअप लहान असतात.

मराठी नावांच्या फाइली

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांना आणखी एक त्रास होऊ शकतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था नावातलं ऱ हे अक्षर अखंड न ठेवता र आणि नुक्ता असे दोन भाग करून ठेवते. विंडोज ते जसं टाइप झालं तसं ठेवतं. त्यामुळे 'हळदीच्या दुसऱ्या दिवशी' हा फोल्डर जुन्या मॅकवरून आणि विंडोजवरून असा दोनदा सामायिक भागावर आला, तर डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे दोन फोल्डर शेजारी शेजारी बसू शकतात. मग अर्धे फोटो एकात, अर्धे दुसऱ्यात, आणि नक्कल शोधणारं सॉफ्टवेअरही नावावरून फसतं. सामायिक भागावर फोल्डर ऱ टाळून किंवा तारखेने सुरू होणाऱ्या साध्या नावाने ठेवा, २०२४-०५-१२ असं. आत देवनागरी नावं खुशाल असू द्या.

नावातली प्रश्नचिन्हं आणि अवतरणचिन्हंही काढा, मॅकला ती चालतात, विंडोजला नाहीत. खूप लांब नावं फोल्डरात फोल्डर करून ठेवली असतील तर फाइल हिस्टरीची अडचण होते, कारण ती प्रत्येक प्रतीच्या नावाला तारीख आणि वेळ जोडते आणि नाव मर्यादेबाहेर गेलं की ती फाइल वगळली जाते. टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली विंडोजमध्ये दिसल्या तर तो व्हायरस नव्हे, मॅकने ठेवलेली जादा माहिती आहे.

बॅकअपमध्ये काय येतंय ते एकदा पाहा

फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा लायब्ररींचाच बॅकअप घेते. टॅलीचा डेटा फोल्डर लायब्ररीबाहेर असेल तर तो बॅकअपमध्ये येतच नाही, आणि ऑफिसात नेमका तोच हवा असतो. फोल्डरवर राइट क्लिक करून तो लायब्ररीत घाला. विंडोजमध्ये आता 'विंडोज बॅकअप' नावाचं वेगळं अ‍ॅपही आहे. ते तुमच्या एक्स्टर्नल डिस्कवर काही ठेवत नाही, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या ऑनलाइन साठ्यावर ठेवतं, आणि तिथे फुकट जागा ५ जीबीच असते. ते चालू आहे म्हणून फाइल हिस्टरी बंद ठेवू नका.

सामायिक भागाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. लोक लॅपटॉपमधली जागा वाचवायला फोटो तिकडे हलवतात आणि लॅपटॉपवरून काढून टाकतात. आता ती एकमेव प्रत झाली. ती बॅकअपच्या डिस्कवर आहे म्हणून बॅकअप ठरत नाही, आणि एका डिस्कचे तीन भाग म्हणजे तीन डिस्क नव्हेत. डिस्क पडली तर तिन्ही भाग एकत्र जातात. त्या ८०० जीबीची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा गावाला. बॅकअप झाला की डिस्क इजेक्ट करून काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या, हाती लॅपटॉपबरोबरच लागते.

डिस्क घराबाहेर जाणार असेल तर टाइम मशीन सुरू करतानाच एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय डेटा वाचता न येण्याची सोय, चालू करा. विंडोजच्या भागाला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, लावायला प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्तीत असा भाग पासवर्ड देऊन उघडता येतो, पण तयार करता येत नाही. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती जागा माहीत असू द्या. महिन्यातून एकदा दोन्ही कॉम्प्युटरवर शेवटच्या बॅकअपची तारीख बघा, आणि तारखेवर न थांबता बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत काढून उघडून बघा.